मार्स: बापाचा बार आणि मुलाची कंपनी

आपण विचारलेले प्रश्न असे आहेत: मार्स ही अमेरिकेतील चॉकलेट कंपनी १९११ पासून अखंडपणे एकाच घराण्याकडे आहे, हे कितपत खरे? मिल्की वे हा चॉकलेट बार वडिलांनी काढला की मुलाने? बाप-लेकांत फूट पडूनही हा उद्योग बाहेरच्या कोणाच्या हाती का गेला नाही? आणि शेवटी, भारतात गॅलेक्सी या नावाने मिळणारे चॉकलेट अमेरिकेत डव्ह या नावाने का मिळते? चॉकलेटचा लेप दिलेल्या बारच्या उत्पादनात मी अनेक वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. त्यामुळे या घराण्याच्या इतिहासाकडे मी प्रथम बारच्या बाजूने आणि मग हिशेबाच्या बाजूने पाहतो. माझ्या मते या इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा धागा असा आहे की आजची मार्स कंपनी वडिलांकडून मुलाकडे वारसाहक्काने चालत आलेली नाही. मुलाने परदेशात आणि नंतर न्यू जर्सीत स्वतंत्रपणे उभारलेल्या उद्योगाने तीस वर्षांनी वडिलांची कंपनी स्वतःत सामावून घेतली. १९११ हे साल घराण्याच्या दृष्टीने बरोबर आहे, पण कंपनीच्या दृष्टीने ते अर्धेच बरोबर आहे.

फ्रँक मार्स हा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्याला फारसे हिंडता-फिरता येत नसे, आणि त्या काळात आईने त्याला घरच्या स्वयंपाकघरात चॉकलेटमध्ये हाताने गोळ्या बुडवायला शिकवले. पुढे त्याने मिठाईचा धंदा केला, बुडवला, पुन्हा केला आणि पुन्हा बुडवला. १९०२ मध्ये त्याचे लग्न झाले आणि १९०४ मध्ये फॉरेस्ट हा मुलगा जन्मला. पण धंद्यातल्या सततच्या ओढाताणीत ते लग्न टिकले नाही. घटस्फोटानंतर फॉरेस्ट आजोळी, कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात, नॉर्थ बॅटलफर्ड या गावी वाढला. वडिलांची आणि त्याची पुढची कित्येक वर्षे भेटही झाली नाही. फ्रँकने दुसरे लग्न केले. दुसऱ्या पत्नीचे नावही एथेलच असल्यामुळे वाचताना अनेकांचा गोंधळ होतो. कंपनी आपला इतिहास ज्या वर्षापासून मोजते त्या १९११ मध्ये त्याने वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथे घरच्या स्वयंपाकघरातून मिठाई विकायला सुरुवात केली. तो धंदाही चालला नाही. १९२० मध्ये तो मिनेसोटात परतला आणि मिनियापोलिसमध्ये त्याने मार-ओ-बार ही कंपनी काढली. त्याच नावाचा बारही त्याने बाजारात आणला, पण तो इतका नाजूक होता की लांबच्या दुकानापर्यंत धड पोहोचत नसे.

या ‘नाजूक’ शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण १९२० च्या दशकातील अमेरिकेत शेकडो लहान कारखाने बार बनवत होते आणि त्यांतले बहुतेक याच अडचणीत सापडले होते. पहिल्या महायुद्धात सैनिकांना चॉकलेट पुरवले गेले, परतलेल्या तरुणांना त्याची सवय लागली आणि पाच सेंटला मिळणारा, वेष्टनात गुंडाळलेला, उभ्या उभ्या खाता येणारा बार हा नवा खाऊ झाला. पण दुकानाच्या मागच्या खोलीत बनवून त्याच दिवशी विकायची मिठाई आणि आगगाडीने दुसऱ्या राज्यात जाऊन महिनाभर फळीवर टिकायचा बार यांत मोठे अंतर आहे. आतला भाग मऊ राहायचा तर त्यात पाणी हवे. पाणी असले की ते हवेत उडून बार वाळतो, किंवा दमट हवेत उलट ओलावा शोषून चिकट होतो. शिवाय बारमध्ये दोन-तीन थर असले तर एका थरातले पाणी दुसऱ्यात सरकत राहते. हे सरकणे थांबवायचे असेल तर दोन्ही थरांतील पाण्याचे बंधन सारखे राखावे लागते. म्हणजे पाण्याची नुसती टक्केवारी जुळवून भागत नाही. साखर, लिक्विड ग्लुकोज आणि दुधातील घटक यांनी ते पाणी किती घट्ट धरून ठेवले आहे, हे जुळवावे लागते. आज आम्ही ते यंत्रावर मोजतो. फ्रँक मार्सच्या पिढीला ते बोटांनी आणि पाकाच्या तारेवरूनच ओळखावे लागे.

१९२३ मध्ये आलेल्या मिल्की वे बारने ही अडचण सोडवली. त्याच्या तळाशी माल्टच्या चवीचा फेसाळ नुगा, त्यावर कॅरमेलचा थर आणि सर्व बाजूंनी चॉकलेटचा बंद लेप अशी त्याची रचना होती. नुगा म्हणजे साखर आणि ग्लुकोजचा कडक उकळलेला पाक, फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात ओतून पुन्हा फेटलेला. त्यात अडकलेल्या हवेमुळे बार आकाराने मोठा पण वजनाने हलका होतो. दुकानात हर्शी या मोठ्या अमेरिकन चॉकलेट कंपनीची पाच सेंटची चपटी चॉकलेट वडी आणि मिल्की वे शेजारी ठेवले तर तेवढ्याच पैशांत मिल्की वे कितीतरी मोठा दिसे. आणि कारखानदाराच्या दृष्टीने सर्वांत महाग घटक, म्हणजे चॉकलेट, फक्त बाहेरच्या पातळ कवचापुरतेच लागे. ते कवच दुहेरी काम करी: चव देई आणि आतला ओलावा अडवून धरी. पहिल्या वर्षभरातच या बारची विक्री सुमारे ८ लाख डॉलरवर गेल्याचे सांगितले जाते. वडिलांच्या आधीच्या प्रयत्नांशी तुलना केली तर ही झेप काही और होती.

हा बार कोणाचा, या प्रश्नावर फॉरेस्टने स्वतः सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. तो कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत होता, सुट्टीत सिगारेटच्या जाहिराती चिकटवण्याचे काम करत होता, आणि शिकागोत भलत्याच ठिकाणी जाहिराती चिकटवल्याबद्दल पोलिसांनी त्याला पकडले. सोडवायला आले ते वर्षानुवर्षे न भेटलेले वडील. मग दोघे एका सोडा फाउंटनवर, म्हणजे शीतपेयांच्या दुकानात, बसले असता, समोरच्या माल्टेड मिल्कच्या पेल्याकडे बोट दाखवून मुलाने सुचवले की हीच चव बारमध्ये घाला म्हणजे तो देशभर विकता येईल. ही हकीकत फॉरेस्टची आहे आणि त्या टेबलावर तिसरा कोणी नव्हता. मी ती खोटी मानत नाही, पण कारखान्यात काम केलेल्या माणसाला तिच्यातली पोकळी लगेच दिसते. ‘माल्टेड मिल्कची चव बारमध्ये घाला’ ही कल्पना आहे. कॅरमेल नुग्यावर न घसरता बसेल, कापताना तार ओढली जाणार नाही, लेपाला भेग पडणार नाही आणि महिनाभराने चावताना तो दगड झालेला नसेल, असे घडवणे हे पाकशास्त्र आहे आणि ते एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे नव्हते. ते त्या माणसाकडे होते ज्याने आईच्या हाताखाली लेप द्यायला शिकून पुढची वीस वर्षे पाक बिघडवण्यात आणि सुधारण्यात घालवली होती. त्यामुळे देशभर विकण्याचे वेड मुलाचे आणि बार बापाचा, असे माझे मत आहे. नावाचा उगमही, अनेकांना वाटतो तसा, आकाशातला नसून त्या माल्टेड मिल्कच्या पेयातला आहे.

यानंतरची वाटचाल वेगवान होती. १९२९ मध्ये कंपनी शिकागोच्या पश्चिम भागात नव्या कारखान्यात गेली. स्पॅनिश धाटणीची ती इमारत पाहून हा कारखाना आहे असे कोणाला वाटत नसे, आणि शेजारच्या वस्तीला तेच हवे होते. १९३० मध्ये स्निकर्स आला. त्याचे नाव मार्स कुटुंबाच्या एका लाडक्या घोड्याचे. १९३२ मध्ये थ्री मस्केटिअर्स आला. त्या वेळी एका वेष्टनात व्हॅनिला, स्ट्रॉबेरी आणि चॉकलेट असे तीन तुकडे असत. दुसऱ्या महायुद्धात टंचाई आणि खर्च वाढल्यावर बाकीचे दोन स्वाद गेले आणि फक्त चॉकलेटचा नुगा उरला, पण तिघांचे नाव मात्र तसेच राहिले. हे तिन्ही बार महामंदीच्या अलीकडे-पलीकडे उभे राहिले, हा केवळ योगायोग नव्हे. खिशात पाच सेंटच असणाऱ्या माणसाला पोट भरल्यासारखे वाटेल असा खाऊ हवा होता, आणि शेंगदाणे, कॅरमेल व फेसाळ नुगा यांनी भरलेला बार ती गरज भागवत होता.

स्निकर्सच्या बाबतीत एक तांत्रिक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. भाजलेला शेंगदाणा बारमध्ये घालणे वरवर सोपे वाटते. पण शेंगदाण्याचे तेल खोलीच्या तापमानाला द्रव असते आणि ते हळूहळू बाहेरच्या चॉकलेटमध्ये झिरपते. चॉकलेटमधील कोको बटरचे स्फटिक त्यामुळे विस्कटतात, लेप मऊ पडतो आणि पृष्ठभागावर राखाडी-पांढरा थर उमटतो. गिऱ्हाईक त्याला बुरशी समजून बार परत आणते. दाणे नीट भाजून कॅरमेलमध्ये पुरते बुडवणे, लेप योग्य तापमानावर टेम्पर करणे (ठरावीक क्रमाने गरम-थंड करून कोको बटरचे स्फटिक नीट बसवणे) आणि गार बोगद्यातून घाई न करता बार बाहेर काढणे, एवढे सगळे साधले तरच हा दोष आटोक्यात राहतो. स्निकर्स आजही जगातील सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या बारपैकी आहे, यामागे जाहिरातीइतकीच ही कंटाळवाणी शिस्त आहे.

ही शिस्त आणली ती मुलाने. फॉरेस्टने येल विद्यापीठात औद्योगिक अभियांत्रिकी शिकून वडिलांच्या कंपनीत प्रवेश केला आणि दोघांचे बिनसले. वडिलांना पैसा मिळाला होता; टेनेसीतील पुलास्कीजवळ त्यांनी मिल्की वे फार्म नावाची मोठी जहागीरच उभारली होती आणि घोड्यांचा शौक सुरू केला होता. फ्रँकच्या मृत्यूनंतर, १९४० मध्ये, त्याच्या पत्नीच्या मालकीच्या गॅलाहॅडियन या घोड्याने केंटकी डर्बी ही अमेरिकेतील प्रसिद्ध शर्यत जिंकली. मुलाला मात्र हा पैसा परदेशात कारखाने काढायला हवा होता आणि कंपनीत मोठा वाटा हवा होता. १९३२ मध्ये वडिलांनी त्याला ५० हजार डॉलर आणि मिल्की वेचे परदेशातील हक्क देऊन वाटेला लावले. १९३४ मध्ये फ्रँक वारला. दोघांची गाठ पुन्हा पडली नाही, असेच फॉरेस्टच्या चरित्रात सांगितले जाते.

आपल्याकडे अशा वेळी वाटणी होते ती घर, दुकान आणि नावाची. मार्सच्या घरात वाटणी झाली ती भूभागाची, आणि तिचे अवशेष आजही वेष्टनांवर दिसतात. फॉरेस्टने युरोपात आधी स्वित्झर्लंडमधील चॉकलेट कारखान्यांत साधा कामगार म्हणून काम करून चॉकलेट कसे बनते ते शिकून घेतले, मग इंग्लंडमधील स्लाऊ येथे भाड्याच्या लहानशा जागेत मोजक्या माणसांनिशी बार बनवायला सुरुवात केली. ब्रिटिश जिभेला आवडेल असा तो थोडा अधिक गोड केला आणि त्याला स्वतःचे आडनाव दिले. म्हणून ब्रिटनमधील मार्स बार हा मुळात अमेरिकेतील मिल्की वेचा भाऊ आहे. नंतर ब्रिटनमध्ये मिल्की वे या नावाने जो बार आला तो कॅरमेल नसलेला, म्हणजे अमेरिकेतील थ्री मस्केटिअर्सच्या जवळचा. आणि अमेरिकेत मार्स बार या नावाने जे विकले गेले त्यात बदाम होते. परदेशातून आलेला बार चाखून ‘चव वेगळी का’ असे विचारणाऱ्यांना याचे खरे उत्तर बाप-लेकांच्या भांडणातच शोधावे लागते.

स्लाऊमध्ये फॉरेस्टकडे स्वतःचे चॉकलेट नव्हते. लेपाचे चॉकलेट तो कॅडबरीकडून विकत घेई. तिकडे शिकागोत त्याच्या वडिलांची कंपनीही लेपाचे चॉकलेट हर्शीकडून घेत होती. आज प्रतिस्पर्धी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कंपन्या त्या काळी पुरवठादार आणि गिऱ्हाईक होत्या. हे अवलंबित्व फॉरेस्टच्या डोक्यात कायम सलत राहिले असावे, कारण पुढचे त्याचे अनेक निर्णय त्यातून सुटण्याच्या दिशेने गेलेले दिसतात. त्याच काळात त्याने एक असा निर्णय घेतला ज्याचे महत्त्व तेव्हा कोणाला कळले नसेल: १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्याने ब्रिटनमधील कुत्र्यांचे डबाबंद खाद्य बनवणारी कंपनी विकत घेतली. मिठाईवाल्याने कुत्र्याचे खाद्य का विकावे, असा प्रश्न कोणालाही पडेल; पण ज्या क्षेत्रात अजून कोणी पद्धतशीर उत्पादन करत नाही तिथे आधी शिरायचे, हा त्याचा हिशेब होता. आज मार्सच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग पाळीव प्राण्यांचे खाद्य आणि पशुवैद्यकीय सेवा यांतून येतो. या अर्थाने ‘चॉकलेट कंपनी’ हे वर्णनच आता जुने झाले आहे.

युद्धाच्या तोंडावर फॉरेस्ट अमेरिकेत परतला, पण वडिलांच्या कंपनीत गेला नाही. ती आता सावत्र आई आणि तिच्या माहेरच्यांच्या ताब्यात होती. त्याने न्यू जर्सीतील न्यूअर्कमध्ये नवा उद्योग काढला आणि भागीदार म्हणून ब्रूस मरी याला घेतले. ब्रूस हा हर्शीचे अध्यक्ष विल्यम मरी यांचा मुलगा. एम अँड एम या नावातील दोन एम म्हणजे मार्स आणि मरी. भागीदारी ८० आणि २० टक्क्यांची होती. युद्धकाळात चॉकलेट आणि साखर नियंत्रणाखाली आली, तेव्हा हर्शीच्या अध्यक्षांचा मुलगा भागीदार असणे किती उपयोगी ठरले असेल हे सांगायला नको. साखरेच्या कडक कवचातल्या या गोळ्या १९४१ मध्ये निघाल्या आणि युद्धात त्यांचे मुख्य गिऱ्हाईक लष्कर होते, कारण त्या उष्ण प्रदेशातही हातात वितळत नसत. तंत्र नवे नव्हते: गार रुळांमधून चॉकलेटच्या चपट्या गोळ्या पाडायच्या आणि फिरत्या कढयांमध्ये त्यांच्यावर साखरेच्या पाकाचे पातळ थर एकावर एक वाळवत चढवायचे. आपल्याकडे साखरफुटाणे आणि बडीशेपेच्या गोळ्या याच तत्त्वावर बनतात. १९४९ मध्ये फॉरेस्टने मरीचा हिस्सा १० लाख डॉलरला विकत घेतला. पुढे या गोळ्यांचा जो पसारा झाला तो पाहता हा व्यवहार कोणाच्या फायद्याचा ठरला हे उघड आहे.

याच वर्षांत त्याने टेक्सासमधील उकड्या तांदळाचा धंदाही हाती घेतला. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडायचा, म्हणजे कोंड्यातील जीवनसत्त्वांचा काही भाग दाण्यात उतरतो आणि दाणा तुटत नाही. कोकणातल्या वाचकांना हे सांगावे लागणार नाही. अंकल बेन्स हे त्या तांदळाचे जुने नाव. त्यावरील कृष्णवर्णीय सेवकाच्या प्रतिमेबद्दल दीर्घकाळ टीका झाल्यावर २०२० मध्ये कंपनीने ते बदलण्याचे जाहीर केले.

फॉरेस्टची कारखाना चालवण्याची पद्धत या काळात पक्की झाली, आणि माझ्या व्यवसायातील लोकांना सर्वाधिक आकर्षण वाटते ते तिचेच. अध्यक्षापासून कामगारापर्यंत प्रत्येकाने वेळेच्या घड्याळावर कार्ड टोचायचे आणि वेळेवर येणाऱ्यास पगाराच्या दहा टक्के अधिक मिळायचे. वरिष्ठांना वेगळ्या खोल्या नाहीत. सगळ्यांची टेबले एका मोकळ्या दालनात. पगार बाजारभावापेक्षा जास्त, पण त्या बदल्यात ढिलाई अजिबात खपायची नाही. वेष्टनाची घडी तिरकी असली तरी फॉरेस्ट फोनवर आगपाखड करी, अशा आठवणी सांगितल्या जातात. त्याचा रागीटपणा हे कौतुक करण्यासारखे व्यवस्थापन होते, असे मला वाटत नाही. लोक घाबरून दोष लपवू लागले की गुणवत्ता उलट घसरते, हे कोणत्याही उत्पादन विभागात दिसते. पण त्याच्या हिशेबाची पद्धत मात्र खरोखर वेगळी होती. तो विक्रीवरील नफ्याऐवजी गुंतवलेल्या एकूण मालमत्तेवरील परतावा मोजायचा, आणि तोही यंत्रांची जुनी, घसारा वजा झालेली किंमत न धरता, तेच यंत्र आज नवे घेतले तर काय पडेल ती किंमत धरून. त्यामुळे जुन्या यंत्रावर ‘फुकटात’ उत्पादन चालले आहे असा भ्रम व्यवस्थापकाला बाळगता येत नसे. यंत्र सतत चालवा, साठा कमी ठेवा, आणि परवडेल तेव्हा नवे यंत्र घ्या, हाच निष्कर्ष त्या आकड्यातून निघे. मिठाईच्या धंद्यात यंत्रे बंद राहणे किती महाग पडते हे माहीत असणाऱ्याला या हिशेबाची धार लगेच जाणवते.

वडिलांची कंपनी त्याच्या हाती यायला बराच काळ लागला. सावत्र आई १९४५ मध्ये वारली आणि तिच्या हिश्श्यातील मोठा वाटा फॉरेस्टकडे आला, पण कारभार तिच्या भावाकडे आणि नंतर फॉरेस्टच्या सावत्र बहिणीच्या यजमानांकडे राहिला. ते बार विकत होते, नफाही मिळत होता, पण यंत्रे जुनी होत होती. शेवटी बहिणीला राजी करून १९६४ मध्ये फॉरेस्टने सर्व हिस्सा मिळवला आणि आपला उद्योग व वडिलांची कंपनी एक केली. शिकागोच्या कार्यालयात पाऊल टाकताच त्याने वरिष्ठांचे वेगळे भोजनगृह बंद केले आणि बैठकांच्या खोल्यांमधील लाकडी भिंती उखडल्या. त्याहून मोठा निर्णय म्हणजे हर्शीकडून लेपाचे चॉकलेट घेणे थांबवून ते स्वतः बनवायचे. हर्शीचे हे फार मोठे गिऱ्हाईक होते. ते एका फटक्यात गेले. कोको दाणे भाजणे, दळणे, कोंचिंग करणे (चॉकलेट तासन्तास घोटणे), ही सगळी साखळी उभी करणे हे नव्या कारखान्याइतकेच काम होते, आणि ते त्याने करून दाखवले.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. त्याच सुमाराच्या इतर घराण्यांकडे पाहिले तर फरक स्पष्ट दिसतो. हर्शीतच नोकरी केलेल्या एच. बी. रीझ यांनी शेंगदाण्याच्या लोण्याचे कप काढले. १९५६ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या सहा मुलांनी १९६३ मध्ये तो धंदा हर्शीच्या समभागांच्या मोबदल्यात हर्शीला देऊन टाकला. बेबी रूथ हा बार काढणारी कर्टिस कंपनी १९६४ मध्ये दुसऱ्या खाद्य कंपनीकडे गेली. ब्रिटनमध्ये कॅडबरी घराण्याची कंपनी १९६० च्या दशकात शेअर बाजारात आली, घराण्याचा हिस्सा पातळ होत गेला आणि २०१० मध्ये क्राफ्टने ती ताब्यात घेतली; राउंट्री ही दुसरी ब्रिटिश चॉकलेट कंपनी त्याआधीच, १९८८ मध्ये, नेस्लेकडे गेली होती. मार्स यांतून वाचली, कारण तिचे समभाग बाजारात कधी गेलेच नाहीत. नफा कंपनीतच राहिला, विस्तार बहुतांशी स्वतःच्या पैशांतून झाला, आणि १९७३ मध्ये फॉरेस्टने अंग काढून घेतले तेव्हा मालकी फॉरेस्ट ज्युनियर, जॉन आणि जॅकलिन या तीनच अपत्यांकडे गेली. सहा भावांपेक्षा तिघांची वाटणी सोपी असते, हे साधे गणितही दुर्लक्षून चालणार नाही. मुलांवर त्याचा धाक एवढा होता की ती कंपनी विकतील ही कल्पनाच कोणी केली नसेल. म्हाताऱ्या फॉरेस्टला मात्र स्वस्थ बसवले नाही. त्याने नेवाडातील हेंडरसन येथे पुन्हा एक चॉकलेटचा कारखाना काढला आणि त्याला आपल्या जन्मदात्या आईचे, एथेलचे, नाव दिले. १९९९ मध्ये ९५ व्या वर्षी तो वारला.

बंद दाराआडच्या मालकीला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. बाजारात नोंदणी नसल्यामुळे कंपनीला आपले ताळेबंद जगापुढे मांडावे लागत नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील कोको शेतीत मुलांना राबवले जाते हा प्रश्न साऱ्या मोठ्या चॉकलेट कंपन्यांभोवती आहे. मार्सही त्यातून सुटलेली नाही आणि तिथे बाहेरच्याला पारखून पाहायला मिळणारी माहिती मर्यादित राहते. उलट, २०१० मध्ये याच कंपनीने अमेरिकेचे कृषी खाते आणि आयबीएम यांच्यासह कोको झाडाच्या जनुकसंचाचा प्राथमिक आराखडा सर्वांना खुला केला. तिमाही नफ्याचा तगादा लावणारे भागधारक असते तर अशा कामावर खर्च करणे अवघड गेले असते, असे मला वाटते.

तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत कारभार हळूहळू घराबाहेरच्या व्यवस्थापकांकडे गेला आणि घराणे संचालक मंडळात राहिले. फॉरेस्ट ज्युनियरची कन्या व्हिक्टोरिया मार्स २०१४ ते २०१७ या काळात मंडळाची अध्यक्ष होती. २००८ मध्ये सुमारे २३ अब्ज डॉलरना रिग्ली ही च्युइंगमची कंपनी घेताना प्रथमच बाहेरचा पैसा मोठ्या प्रमाणावर आला. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने कर्ज दिले आणि रिग्लीत हिस्साही घेतला. पण २०१६ पर्यंत मार्सने तो हिस्सा परत विकत घेतला. २०१७ मध्ये पशुवैद्यकीय दवाखान्यांची मोठी साखळी आली आणि २०२४ मध्ये सुमारे ३६ अब्ज डॉलरना केलानोव्हा ही खाऊ बनवणारी कंपनी घेण्याची घोषणा झाली. शिकागोतील तो स्पॅनिश धाटणीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय मात्र कंपनीने २०२२ मध्येच जाहीर केला होता.

महाराष्ट्राशी या कंपनीचा संबंध पुणे जिल्ह्यातील खेड येथील चॉकलेट कारखान्यामुळे आहे. भारतीय स्निकर्सवर हिरवा ठिपका असतो, म्हणजे त्यात अंडे नसते. वर सांगितलेला नुगा अंड्याच्या पांढऱ्या भागावर उभा आहे हे लक्षात घेतले तर हा बदल किरकोळ नाही. दुधाच्या किंवा सोयाच्या प्रथिनावर फेस उभा करता येतो, पण त्याचा फुगण्याचा आणि टिकण्याचा वेग वेगळा असतो. फेटण्याचा काळ, पाकाचे तापमान आणि पाण्याचे प्रमाण पुन्हा नव्याने बसवावे लागते. त्यात आपल्याकडच्या उन्हाळ्याची भर. कोको बटर सुमारे ३४ अंशांना वितळते आणि मे महिन्यात बंद टेम्पोतील तापमान त्याहून सहज वर जाते. म्हणून कारखान्यात कितीही उत्तम टेम्परिंग केले तरी बारचे भवितव्य शेवटी वितरकाच्या वातानुकूलित गोदामावर आणि दुकानदाराच्या फ्रीजवर ठरते.

राहिला गॅलेक्सी आणि डव्हचा प्रश्न. गॅलेक्सी हे नाव मार्सने ब्रिटनमध्ये १९६० मध्ये आणले. डव्ह हे मुळात शिकागोतील लिओ स्टेफानोस या ग्रीक स्थलांतरित मिठाईवाल्याच्या चॉकलेट लावलेल्या आइस्क्रीमचे नाव. त्याचा तो लहानसा कौटुंबिक धंदा मार्सने १९८६ मध्ये विकत घेतला आणि पुढे अमेरिकेत चॉकलेटच्या वड्यांनाही तेच नाव दिले. भारतात डव्ह म्हटले की न्हाणीघरातला साबण आठवतो, जो वेगळ्याच कंपनीचा आहे. त्यामुळे इथे ब्रिटनमधले नाव वापरणेच सोयीचे वाटले असावे, असा माझा अंदाज आहे. चॉकलेट एकाच कुळातले असले तरी प्रत्येक देशातील दुधाची पावडर, भाजणी आणि साखरेचे प्रमाण थोडे वेगळे असते, म्हणून अमेरिकेतून आलेले डव्ह आणि इथले गॅलेक्सी शेजारी ठेवून चाखले तर चवीत फरक जाणवू शकतो.